पुढची रांग मुलींची

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘चळवळ आणि गाणं’ या सत्रात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

शिबिरात गाण्यांचं सत्र असलं की डफ निघतो, गाण्यांची जुनी वही निघते आणि तासाभरात सगळ्यांचे घसे बसतात. यंदा आयोजक मैत्रिणींनी मला बजावून सांगितलं, ‘तू गाऊ नकोस, बोल.’ माझा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना त्यामागचं कारण लगेच कळेल.

मी बोलणार आहे कॅथलीन हॅना या अमेरिकन गायिकेबद्दल. तिचं संगीत पंक रॉक या जातीचं. कर्कश गिटार, दणदणीत ड्रम आणि त्यावर ओरडून म्हटलेले शब्द. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत असताना वसतिगृहातल्या मैत्रिणीने मला ते पहिल्यांदा ऐकवलं, तेव्हा मी कानांवर हात ठेवले होते. मग मैत्रीण म्हणाली, ‘अगं, ही बाई गायला लागली त्या सुमाराला मार खाणाऱ्या बायकांच्या केंद्रात काम करायची.’ तेव्हा मी हात काढले. कारण मीही तेच काम शिकत होते.

आज तिच्या गाण्यांचं रसग्रहण करायचं नाहीये. तिने पस्तीसएक वर्षांत अनेक बँड काढले, मोडले, पुन्हा उभे केले. त्यातून आपल्यासारख्या संघटना चालवणाऱ्या बायकांना काय घेता येईल, एवढंच पाहायचंय.

कॅथलीनचा जन्म १९६८ चा, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा. ती साधारण नऊ वर्षांची असताना आईने तिला वॉशिंग्टनमधल्या एका मेळाव्याला नेलं. तिथे ग्लोरिया स्टायनेम बोलल्या. एवढ्या बायका एका ठिकाणी जमलेल्या त्या मुलीने प्रथमच पाहिल्या. पण घर सुखाचं नव्हतं. वडिलांच्या दहशतीबद्दल आणि पुढे स्वतःवर झालेल्या बलात्काराबद्दल तिने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिबेल गर्ल’ या आत्मकथनात लिहिलंय.

१९८० च्या दशकाच्या शेवटी ती वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिया या लहान शहरात कॉलेजात होती, छायाचित्रणाचं शिक्षण घेत होती. लिंगभेद आणि एड्स या विषयांवर तिने एका सहाध्यायाबरोबर प्रदर्शन मांडलं, ते कॉलेजच्या अधिकाऱ्यांनी उतरवलं. तेव्हा तिने मैत्रिणींना घेऊन स्वतःचंच कलादालन काढलं. जागेचं भाडं निघावं म्हणून तिथे बँडचे कार्यक्रम ठेवले. म्हणजे आधी जागा आली, गाणं मागून आलं. हे मला महत्त्वाचं वाटतं.

याच काळात ती कौटुंबिक हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या स्थानिक संस्थेत जात होती. समुपदेशन करायची, किशोरवयीन मुलींचा बोलण्याचा गट चालवायची. आणि कॉलेजचा खर्च भागवण्यासाठी बारमध्ये कपडे उतरवून नाचण्याचं कामही करायची. हे तिने कधी लपवलं नाही. २००५ साली महाराष्ट्रात डान्सबार बंदी आली तेव्हा आपल्यातच किती मतभेद झाले, हे ज्येष्ठ मैत्रिणींना आठवत असेल. दिवसा समुपदेशन करणारी आणि रात्री बारमध्ये नाचणारी बाई एकच असू शकते, हे आपल्याला अजूनही जड जातं.

तिला खरं तर लिहायचं होतं. ती व्यासपीठावर उभी राहून स्वतःचं लेखन मोठ्याने वाचून दाखवायची. कॅथी अ‍ॅकर या बंडखोर लेखिकेच्या कार्यशाळेला ती गेली. लेखिकेने विचारलं, हे कशासाठी करतेस? ती म्हणाली, माझं कुणी कधी ऐकलंच नाही म्हणून. त्यावर सल्ला मिळाला तो असा, की मग बँड काढ, वाचनाला कोण येतंय? सल्ला अगदी व्यवहारी होता. आपल्याकडेही पत्रक वाचणाऱ्यांपेक्षा पथनाट्याला थांबणारे जास्त असतात. ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून गावोगाव पोचलं, ते काही परिसंवादांतून नाही.

मग तिने पाठोपाठ दोन लहान बँड केले, एमी कार्टर आणि व्हिव्हा निव्हेल. ते फार टिकले नाहीत. १९९० साली टोबी व्हेल, कॅथी विलकॉक्स आणि बिली कॅरेन यांच्याबरोबर तिने बिकिनी किल सुरू केला. तीन बायका आणि एक पुरुष. १९९१ साली त्यांनी स्वतःच ध्वनिमुद्रण करून कॅसेट काढली आणि कार्यक्रमांतून विकली. पुढच्या तबकड्या निघाल्या त्या ऑलिम्पियातल्याच एका छोट्या कंपनीकडून. मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता असं आपल्या हिमतीवर केलेल्या संगीताला ‘इंडी’ म्हणतात, इंडिपेंडंटचं लघुरूप. निर्मिती आपल्या हातात ठेवायची, पैसा कमी आला तरी चालेल, हे त्यामागचं तत्त्व. बचत गट चालवणाऱ्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

पंकच्या कार्यक्रमात खुर्च्या नसतात. रंगमंचासमोरच्या जागेत तरुण मुलगे एकमेकांना धक्के देत, अंगावर उड्या मारत नाचतात. मुली तिथे टिकत नाहीत. कुणी ढकलतं, कुणी अंगाला हात लावतं. त्या आपोआप मागे जाऊन भिंतीला टेकतात, मित्राचा कोट सांभाळत उभ्या राहतात. कॅथलीन रंगमंचावरून सांगायला लागली, ‘मुलींनो, पुढे या. मुलग्यांनो, मागे व्हा.’ गाण्याचे शब्द छापलेले कागदही वाटले जायचे. आवाजात शब्द हरवले तरी हातात राहावेत म्हणून.

एवढ्याशा गोष्टीने केवढा गहजब झाला! पुरुषांना वाटलं, आमची जागा हिसकावली. शिव्या आल्या, वस्तू फेकल्या गेल्या, धमक्या आल्या. कधी गाणं थांबवून तिला स्वतःच दांडगाई करणाऱ्याला बाहेर काढायला लावावं लागे. तिने स्वतःच्या पोटावर मार्करने बायकांना दिली जाणारी शिवी लिहून गायला सुरुवात केली. तुम्ही म्हणायच्या आत मीच लिहिलंय, आता काय म्हणाल?

पुढे बोलावण्याचा आणखी एक फायदा होता, तो ऐकून मला आपल्या मोर्चांची आठवण झाली. पुढच्या रांगेतल्या मुलींमुळे गायिकेचंही संरक्षण व्हायचं. त्यांची भिंतच उभी राहायची. पोलिसांसमोर आपण बायका हात गुंफून उभ्या राहतो ना, तसंच.

आपल्या गावातल्या सभा आठवून बघा. ग्रामसभेत बायका कुठे बसतात? त्यांना मज्जाव नसतो, कायद्याने त्यांना हक्क आहे. तरी त्या दाराशी, पदर सावरत, उठून जायला सोपं पडेल अशा जागी बसतात. ‘या, बसा’ म्हणून भागत नाही. आधीच पुढे बसलेल्यांना उठवावं लागतं, आणि उठवणारीला शिव्या खाव्या लागतात. ही किंमत धरूनच कार्यक्रम आखायला हवा.

१९९१ च्या उन्हाळ्यात हा बँड वॉशिंग्टन शहरात मुक्कामाला होता. तिथे मुलींनी दर आठवड्याला बैठका सुरू केल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीचं नाव ‘रायट गर्ल’. ‘गर्ल’ हा शब्द त्यांनी मुद्दाम तीन ‘र’ घालून लिहिला, म्हणजे उच्चारताना गुरगुरल्यासारखा वाटावा. बैठकीत मुली बोलायच्या बलात्काराबद्दल, घरातल्या अत्याचाराबद्दल, शरीराबद्दलच्या लाजेबद्दल. हे आपल्या जाणीव-जागृती गटांसारखंच होतं, फक्त मुली सोळा ते बावीस वर्षांच्या. त्या ‘झीन’ काढायच्या. हाताने लिहिलेली, चित्रं कापून चिकटवलेली, झेरॉक्स करून वाटलेली पत्रिका. टपालाने ती एका शहरातून दुसऱ्या शहरात जायची. बिकिनी किल नावाची झीनही होती. तिच्या दुसऱ्या अंकात या चळवळीचा जाहीरनामा छापला गेला.

१९९२ साली मोठ्या साप्ताहिकांचं आणि वृत्तपत्रांचं लक्ष तिकडे गेलं. मुलींचे कपडे काय, केस कसे, याचीच वर्णनं छापून येऊ लागली. म्हणणं बाजूलाच राहिलं. तेव्हा चळवळीतल्या अनेकींनी पत्रकारांशी बोलणंच बंद करायचं ठरवलं. माझं मत विचाराल तर निर्णय समजण्यासारखा होता, पण त्याचा तोटाही झाला. आपण बोललो नाही म्हणजे छापून येणं थांबत नाही. दुसरेच आपल्याबद्दल लिहितात.

याचं ढळढळीत उदाहरण कॅथलीनचंच. एकदा तिने मित्राच्या खोलीच्या भिंतीवर गमतीने एक वाक्य लिहिलं. तो मित्र म्हणजे कर्ट कोबेन. त्या वाक्यातून त्याच्या बँडच्या १९९१ च्या जगप्रसिद्ध गाण्याचं शीर्षक निघालं. आजही कित्येक लेखांत तिची ओळख होते ती एवढ्यावरच. तिने शेकडो कार्यक्रम केले, पण लक्षात राहिलं ते पुरुषाच्या गाण्याला दिलेलं शीर्षक.

चळवळीची दुसरी बाजूही सांगायला हवी. रायट गर्ल ही बहुतांशी गोऱ्या, मध्यमवर्गीय मुलींची चळवळ होती. १९९२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये त्यांचं अधिवेशन झालं. त्यात वर्णभेदावर एक कार्यशाळा होती. तिथे काही गोऱ्या मुलींनी आमच्यावरच उलटा अन्याय होतो असा सूर लावला. रामदाशा बिकसीम ही कृष्णवर्णीय मुलगी तिथे होती. तिने ‘गंक’ या आपल्या झीनमध्ये त्याबद्दल स्पष्ट लिहिलं. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये तमार-काली आणि इतर कृष्णवर्णीय गायिकांनी ‘सिस्टा गर्ल रायट’ या नावाने स्वतःचे कार्यक्रम केले. पुढची रांग मुलींची, पण कोणत्या मुलींची? दलित मैत्रिणींनी हाच प्रश्न आपल्याला विचारला तेव्हा आपणही आधी दुखावलोच होतो, ऐकलं नंतर. कॅथलीनने आत्मकथनात या काळातल्या स्वतःच्या चुका कबूल केल्या आहेत. कबुलीला तीस वर्षं लागली. आपल्याला एवढी लावायचं कारण नाही.

आता मला जे सर्वांत जवळचं वाटतं ते सांगते.

कार्यक्रम संपला की मुली तिच्याभोवती जमायच्या. कुणाला वडिलांबद्दल सांगायचं असायचं, कुणाला प्रियकराबद्दल. ती घामाने भिजलेली, घसा बसलेला, रात्रीतून पुढच्या गावाला गाडीने जायचं असायचं. तरी ती ऐकायची, कारण ऐकणं तिचं काम होतं. पण केंद्रात निदान खोली असते, वेळ ठरलेली असते, ऐकून झाल्यावर मन मोकळं करायला सहकारी असते. इथे त्यातलं काहीच नव्हतं.

१९९७ साली बिकिनी किल बंद झाला. लोक म्हणाले, संपली चळवळ. कॅथलीन घरी आली आणि आपल्या राहत्या जागेत एक स्वस्तातलं तालयंत्र आणि थोडी उपकरणं घेऊन एकटीच ध्वनिमुद्रण करू लागली. १९९८ साली ‘ज्युली रुइन’ हे टोपणनाव घेऊन तिने ती तबकडी काढली. मुलगी आपल्या खोलीत कितीतरी निर्माण करते, पण या खोल्या एकमेकींपासून तुटलेल्या असतात, असं तिचं म्हणणं. तो आवाज तसाच खोलीतला वाटावा, असं तिला हवं होतं.

त्यातून न्यूयॉर्कमध्ये ल टिग्र हा बँड उभा राहिला. जोहॅना फेटमन, सेडी बेनिंग आणि नंतर बेनिंगच्या जागी जे. डी. सॅमसन. आता संगीत नाचायला लावणारं, इलेक्ट्रॉनिक, मागे पडद्यावर चित्रं. संताप होताच, पण त्याला आनंदाची जोड मिळाली. ‘हॉट टॉपिक’ या गाण्यात त्यांनी आधीच्या कितीतरी लेखिका, गायिका, कलावंतांची नावं घेतली. आपण सभेच्या सुरुवातीला सावित्रीबाई, फातिमाबी, ताराबाईंचं नाव घेतो, त्याच जातीचं हे काम. २००३ साली इराक युद्धाविरुद्ध निघालेल्या मोर्चातले आवाजही त्यांनी गाण्यात घातले. २००४ चा अल्बम मोठ्या कंपनीकडून निघाला. तत्त्व सोडलं, अशी टीका झाली. मी निकाल देणार नाही. सरकारी अनुदान घ्यावं की नाही यावर आपण दर वर्षी भांडतो, तेव्हा दुसऱ्याला दगड मारायला आपला हात उचलत नाही.

आणि २००५ च्या सुमाराला ती थांबली. सगळ्यांना सांगितलं, मला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं. लोकांनी विश्वास ठेवला. सिनी अँडरसन यांनी तिच्यावर केलेला ‘द पंक सिंगर’ हा माहितीपट २०१३ साली आला. त्यात ती कबूल करते, की ते खोटं होतं. ती आजारी होती. बोलताना शब्द नीट उमटेनासे होत होते. अनेक वर्षं निदान चुकत राहिलं. शेवटी कळलं की तो लाइम आजार आहे, गोचिडीच्या चाव्यातून होणारा. आजारी आहे हे स्वतःशीही कबूल करवेना, म्हणून तिने ‘म्हणण्यासारखं उरलं नाही’ असं सांगितलं.

मैत्रिणींनो, हे दृश्य पाहून मी संगणक बंद केला आणि बराच वेळ बसून राहिले. मी जिथे काम सुरू केलं, तिथे एक ज्येष्ठ मैत्रीण होती. बारा वर्षं ती समुपदेशन केंद्राच्या खुर्चीवर बसली. एक दिवस म्हणाली, ‘माझ्याकडे आता देण्यासारखं काही नाही, मी थांबते.’ आम्ही बैठक घेतली. कुणी म्हणालं, ती वैचारिकदृष्ट्या थंड पडलीये. कुणी म्हणालं, नवऱ्याची बढती झाली, आता हिला चळवळ कशाला? मीही मान डोलावली. तिला झोप लागत नव्हती, आलेल्या बायकांच्या हकिगती रात्री डोळ्यांसमोर यायच्या आणि वर्षभर ती गोळ्या घेत होती, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तेही तिच्या मुलीकडून. आम्ही रोज आठ तास परक्या बायकांचं ऐकत होतो, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईचं कुणी ऐकलं नाही.

कॅथलीनची गोष्ट तिथे थांबली नाही. २०१० मध्ये तिने जुन्या टोपणनावाचाच बँड केला, द ज्युली रुइन. जुनी साथीदार कॅथी विलकॉक्स पुन्हा बरोबर आली. २०१३ साली अल्बम निघाला. २०१४ मध्ये आजार उलटला, ठरलेला दौरा रद्द करावा लागला. आणि या वेळी तिने कारण उघड सांगितलं, मी आजारी आहे. २००५ आणि २०१४ मधला हा फरक मला तिच्या सगळ्या गाण्यांपेक्षा मोठा वाटतो. २०१६ मध्ये दुसरा अल्बम आला. २०१९ साली बिकिनी किल पुन्हा एकत्र आला, २०२३ मध्ये ल टिग्रनेही दौरा केला.

२०१९ च्या लॉस एंजेलिसमधल्या कार्यक्रमात बिकिनी किलच्या आधी गायला होता लिंडा लिंडाज हा बँड. आशियाई आणि लॅटिन वंशाच्या शाळकरी मुली. २०२१ साली त्यांनी ग्रंथालयात वर्णद्वेषाविरुद्ध गायलेलं गाणं जगभर पाहिलं गेलं. १९९२ मध्ये जी रांग अपुरी राहिली होती, ती थोडी तरी पुढे सरकली.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. एक संघटना बंद पडली, गट फुटला, पथक मोडलं, की आपण सुतक पाळतो. जाणारीला गद्दार म्हणतो, राहणारीला हुतात्मा. एका बाईच्या कामाला अनेक रूपं असू शकतात. ती थांबू शकते, एकटीने काही करू शकते, दुसऱ्यांबरोबर पुन्हा उभी राहू शकते. पण परत यायचं तर थांबण्याचं खरं कारण सांगता यायला हवं. ते ऐकणाऱ्या आपण आहोत का?

गटचर्चेसाठी तीन गोष्टी सुचवते. एक, प्रत्येक समुपदेशन केंद्रात काम करणारीसाठी महिन्यातून एकदा बोलण्याची वेळ ठेवायची. अहवालासाठी नाही, तिच्यासाठी. आणि सुट्टी मागणाऱ्या बाईची वैचारिक चौकशी करायची नाही. दोन, आपली सायक्लोस्टाइल पत्रकं, पोस्टर, गाण्यांच्या वह्या कुणाच्या माळ्यावर आहेत त्याची यादी करायची. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रंथालयात रायट गर्ल चळवळीचा स्वतंत्र संग्रह आहे, कॅथलीनने आपली कागदपत्रं तिथे दिली. आपली कागदपत्रं वाळवीच्या तोंडी जाऊ नयेत. तीन, पुढच्या शिबिरात पुढची रांग कुणाची, हे आधी ठरवायचं. आज पुढे आम्ही शहरातल्या, बोलक्या बसलोय. पाड्यावरून आलेल्या मैत्रिणी दाराशी आहेत.

ते तिसरं मात्र पुढच्या शिबिरापर्यंत ठेवू नका. जेवणानंतरच्या सत्रात आम्ही मागे बसू. डफ त्यांच्या हातात द्या.